चौलच्या बंदरापासून चेंबूरच्या स्टुडिओपर्यंत : मराठीच्या कपाटातल्या विसरलेल्या अद्भुत कथा

चारकोप, कांदिवली (प.) : मराठी विज्ञानकथा कुठून सुरू झाली असं विचारलं, तर बहुतेक जण डॉ. जयंत नारळीकरांच्या 'कृष्णविवर' या कथेचं नाव घेतात. साल १९७४. अद्भुत आणि गूढ कथेचं विचारलं तर नारायण धारप आठवतात. आजच्या मुलांना विचारलं तर ती थेट हॅरी पॉटरवर येतात. या उत्तरांत चूक काही नाही. पण या सगळ्यांच्या आधी मराठीत एक मोठं कपाट भरलेलं होतं. त्यात जिन होते, पऱ्या होत्या, उडणारा लाकडी घोडा होता, हाक मारणारा डोंगर होता. ही पुस्तकं अरबी, फारसी आणि उर्दूतून मराठीत आली, आणि मराठी माणसाने ती दीडशे वर्षांपूर्वी आवडीने वाचली.

आज हे कपाट कुणाचंच राहिलेलं नाही. मराठी वाचकाला वाटतं, हे उर्दूवाल्यांचं. मराठी बोलणाऱ्या मुस्लिम घरांना वाटतं, हे उर्दूतच असणार, मराठीत कुठून येईल? चारकोपसारख्या वस्तीत मुलं मराठी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, घरात मराठी आणि हिंदी-उर्दू मिसळून बोलली जाते, आणि उर्दू लिपी वाचता येणारे दादा-दादी कमी होत चालले आहेत. अशा घरांसाठी या जुन्या पुस्तकांची ही ओळख.

अजाइब-अल-हिंद : कोकण किनाऱ्याच्या अरबी कथा

सुरुवात कोकणापासूनच करू. अरब प्रवासी अल-मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, 'सैमूर' बंदरात आला होता. सैमूर म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातलं चौल, असं अभ्यासक मानतात. तिथे सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे १० हजार मुसलमान राहतात, असं त्याने लिहून ठेवलं. त्यांचा न्यायनिवाडा पाहणाऱ्या मुस्लिम प्रमुखाला 'हुनरमन' म्हणत, आणि तो स्थानिक राजाच्या संमतीने काम करी.

याच शतकात 'अजाइब-अल-हिंद' (हिंदुस्थानातील नवलाई) हे अरबी पुस्तक तयार झालं. परंपरेने ते बुजुर्ग बिन शहरयार नावाच्या इराणी नाखुद्याच्या नावावर आहे. नाखुदा म्हणजे जहाजाचा कप्तान; कोकणी मुसलमानांत हे आडनाव आजही आहे. पुस्तकात खलाशांनी एकमेकांना सांगितलेल्या गोष्टी आहेत. बेट समजून उतरावं आणि ती समुद्रात झोपलेली प्रचंड कासवीण निघावी, माणसाला उचलून नेणारे पक्षी, अजस्र साप. सिंदबादच्या सफरी वाचलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. याच पुस्तकात सैमूरचा हुनरमन अब्बास बिन माहान यांचाही उल्लेख येतो. खरी माणसं, खरी बंदरं आणि त्यांच्याभोवती अचाट कल्पना, असा हा मामला आहे. इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये याची भाषांतरं झाली आहेत. गोराई-मनोरीच्या खाडीपासून चौलपर्यंतचा किनारा ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी ते एकदा तरी वाचावं.

दखनी मसनव्या

समुद्राच्या वाटेने आलेल्या या गोष्टी पुढे दख्खनच्या दरबारांत नव्या भाषेत सांगितल्या गेल्या. ती भाषा दखनी. गोवळकोंड्याच्या गव्वासीने १६२५ च्या सुमारास 'सैफुल मुलूक व बदीउल जमाल' ही मसनवी लिहिली. मसनवी म्हणजे दोन-दोन ओळींच्या यमकात सांगितलेली दीर्घ कथा. मूळ गोष्ट अलिफ लैलातली : एक राजपुत्र, एक परी आणि जिनांच्या मुलखातला प्रवास. विजापूरच्या नुसरतीने १६५७ मध्ये 'गुलशन-ए-इश्क' रचलं. त्यातली मनोहर-मधुमालतीची कथा अवधी काव्यातून आलेली. म्हणजे कथा हिंदुस्थानी, साचा फारसी, भाषा दखनी. मराठी शब्दांचा संग या भाषेला होताच. सीमाभागातल्या आणि मराठवाड्यातल्या घरांत तिचं बोलीरूप अजून ऐकू येतं.

चिपळूणकरांच्या 'अरबी गोष्टी'

छापखाना आल्यावर हे सगळं मराठी वाचकाच्या हातात पडलं. मुंबईत तेव्हा शिळाछापाचे कारखाने जोरात चालत आणि फारसी, उर्दू, अरबी पुस्तकं इथून दूरदूर जात. त्याच काळात पुण्याच्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी (१८२४–१८७८) 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' हे मोठं काम हाती घेतलं. १८६० च्या दशकात त्याचे भाग निघाले. या कामात त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांचाही हात होता. भाषांतर थेट अरबीतून नव्हतं, इंग्रजीवरून होतं. पण मराठी इतकी सहज की कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या.

एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. याच कृष्णशास्त्र्यांनी १८६१ मध्ये 'अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह' हे निरनिराळ्या शास्त्रांची ओळख करून देणारं पुस्तकही लिहिलं. एका हाताने विज्ञान आणि दुसऱ्या हाताने जिन-परी! त्यांना त्यात विसंगती वाटली नसावी, आणि ती नाहीच.

कारण अलिफ लैलातला 'आबनूसचा घोडा' पाहा. तीन हकीम बादशहाला नजराणे आणतात : सोन्याचा मोर, पितळेचं शिंग आणि काळ्या आबनूस लाकडाचा घोडा. हा घोडा मंत्राने उडत नाही. त्याला खिट्ट्या आहेत. एक फिरवली की वर, दुसरी फिरवली की खाली. राजपुत्र वर जाण्याची खिट्टी फिरवतो आणि खाली यायची कुठली हे माहीत नसताना आकाशात पोहोचतो. मग घाबरून न जाता घोड्याच्या अंगावर चाचपत दुसरी खिट्टी शोधून काढतो. आधी यंत्र हातात येणं आणि मग ते काबूत आणायला शिकणं, ही पुढच्या कित्येक विज्ञानकथांची गोष्ट इथे आहे. ज्या बगदादच्या नावाभोवती अलिफ लैला फिरते, तिथेच नवव्या शतकात बनू मूसा या तीन भावांनी चतुर यंत्रांवर ग्रंथ लिहिला होता. गोष्ट सांगणाऱ्यांच्या आजूबाजूला यंत्रं होती.

पुढे १९७० च्या दशकात गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या इंग्रजी आवृत्तीवरून 'अरेबियन नाइट्स' अनेक खंडांत मराठीत आणलं. हे भाषांतर प्रौढांसाठी आहे. मुलांच्या हातात देताना निवडक गोष्टी द्याव्यात.

हातिमताई : दुसऱ्यासाठी केलेल्या सात सफरी

या कपाटातलं सगळ्यात मोलाचं पुस्तक कुठलं, तर 'हातिमताई'. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ते मराठीत वाचलं जात होतं, आणि पुढे मुलांसाठी त्याची छोटी रूपंही निघाली.

आधी खरा हातिम. हा सहाव्या शतकातला अरब कवी, तय्य कबिल्याचा, दानशूरपणासाठी प्रसिद्ध. इस्लामच्या आगमनापूर्वीच त्याचं निधन झालं. सीरतच्या पुस्तकांत येतं की त्याची मुलगी कैद होऊन मदिनेला आली, तेव्हा वडिलांच्या औदार्याचा मान ठेवून पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी तिला सन्मानाने सोडलं. हातिमचे पुत्र अदी बिन हातिम (र.) पुढे सहाबी झाले.

फारसीत याच हातिमभोवती एक कल्पित कथा गुंफली गेली. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात हैदर बख्श हैदरी यांनी १८०१-०२ च्या सुमारास ती 'आराइश-ए-महफिल' नावाने उर्दूत आणली. १८३० मध्ये डंकन फोर्ब्सचं इंग्रजी भाषांतर आलं.

कथा अशी. मुनीर शामी नावाच्या शहजाद्याचं हुस्नबानूवर प्रेम आहे. तिची अट : सात सवालांचा उलगडा करून आणा. मुनीरच्याने ते होत नाही. तो रडत बसलेला असताना हातिम त्याला भेटतो आणि म्हणतो, तुझ्यासाठी मी जातो. म्हणजे नायकाला स्वतःला काही मिळवायचं नाही. सातही सफरी दुसऱ्याच्या लग्नासाठी!

सात सवाल थोडक्यात असे :

१. एकदा पाहिलं, पुन्हा पाहण्याची आस आहे, असं म्हणणारा कोण?
२. नेकी कर आणि दर्यात टाक, याचा अर्थ काय?
३. कुणाचं वाईट करू नकोस, केलंस तर तेच तुझ्यापुढे येईल, असं कोण म्हणतो?
४. खरं बोलणाऱ्याला सदा आराम, हे कोण सांगतो?
५. कोह-ए-निदा, म्हणजे हाक मारणाऱ्या डोंगराची खबर आणा.
६. बदकाच्या अंड्याएवढ्या मोत्याचा जोडीदार मोती आणा.
७. हम्माम-ए-बादगर्दची हकीकत सांगा.

पहिले चार सवाल वागणुकीचे, शेवटचे तीन जगाच्या नवलाचे. पाचव्यातला डोंगर माणसाला हाक मारतो. ज्याला हाक येते तो सगळं टाकून धावत जातो आणि परतत नाही. लहान मूल हे ऐकून गप्प होतं, आणि मोठ्यांना त्यातला मृत्यू बरोबर कळतो. सातव्यातल्या हम्मामात पिंजऱ्यातल्या पोपटावर तीन बाण मारायचे असतात. नेम चुकला की माणूस पायापासून वर दगड होत जातो. आजूबाजूला आधीच्या धाडसी लोकांचे पुतळे उभे असतात. हातिमचे दोन बाण चुकतात. तिसरा तो अल्लाहच्या भरवशावर डोळे मिटून सोडतो. नेम लागतो, तिलिस्म तुटतो, आणि दगड झालेली सगळी माणसं जिवंत होतात.

सुरुवातीच्या एका प्रसंगात लांडगा हरिणीच्या मागे लागलेला असतो. हातिम तिला सोडवतो आणि लांडगा उपाशी राहू नये म्हणून स्वतःच्या मांडीचं मांस कापून देतो. मराठी वाचकाला इथे शिबी राजा आठवल्याशिवाय राहत नाही. या गोष्टी दोन्ही दिशांनी प्रवास करत आल्या आहेत. पंचतंत्र आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाच्या हातून अरबीत 'कलीला व दिम्ना' झालं. संस्कृत शुकसप्ततीवरून चौदाव्या शतकात नख्शबीने फारसी 'तूतीनामा' लिहिला. तेव्हा कुठली कथा कुणाची, हा हिशोब लावायला बसलं तर तो लागणार नाही.

गुलबकावली आणि होशरुबा

'गुलबकावली'चा प्रवासही असाच. आंधळ्या झालेल्या बादशहाची दृष्टी परत आणणारं एक फूल परीच्या बागेत आहे, आणि धाकटा शहजादा ते आणायला निघतो. मूळ फारसी लेखक इज्जतुल्लाह बंगाली, उर्दू गद्य निहालचंद लाहोरींचं, आणि सर्वांत गाजलेली मसनवी 'गुलजार-ए-नसीम' काश्मिरी पंडित दयाशंकर नसीम यांची. कथेच्या एका टोकाला अरबी-फारसी परी आहे, दुसऱ्या टोकाला इंद्राचा दरबार. मराठीतही ती वाचली गेली. मुंबईत १९२४ मध्ये कोहिनूर कंपनीने त्यावर मूकपट काढला.

या सगळ्यांत आकाराने अवाढव्य म्हणजे 'तिलिस्म-ए-होशरुबा'. तिलिस्म म्हणजे जादूगाराने उभं केलेलं संपूर्ण खोटं जग, ज्याचे स्वतःचे नियम असतात. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून पुढच्या दहा वर्षांत ते छापलं. मुहम्मद हुसेन जाह आणि अहमद हुसेन कमर हे त्याचे लेखक. ज्या दास्तान-ए-अमीर हमजाचा हा भाग, ती पूर्ण ४६ जाडजूड खंडांची आहे. इथे एक खुलासा हवा. दास्तानचा नायक हजरत हमजा (र.) यांच्या नावाने ओळखला जातो, पण कथा निव्वळ कल्पित आहे. तिला सीरत समजून वाचू नये.

मग विसर का पडला?

दोन्ही घरांतल्या सुधारणेच्या वाऱ्याने ही पुस्तकं मागे पडली. मराठीत 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) सारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा जमाना होता. मग हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' सारख्या कादंबऱ्या आल्या आणि विधवा, बालविवाह, मध्यमवर्गाचं घर हे विषय पुढे आले. ते गरजेचंच होतं. पण त्याबरोबर अद्भुत म्हणजे पोरकट, असा शिक्का बसला.

मुस्लिम घरांत मौलाना अशरफ अली थानवी यांचं 'बहिश्ती जेवर' विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोहोचलं. मुली शिकाव्यात, असा त्या पुस्तकाचा आग्रह होता. पण वाचू नयेत अशा पुस्तकांच्या यादीत अलिफ लैला, अमीर हमजा आणि गुलबकावली होत्या. इश्कबाजी आणि खोट्या चमत्कारांची काळजी त्यामागे होती, आणि मूळ आवृत्त्यांतले काही भाग पाहता ती समजण्यासारखी आहे. तिसरा घाव भाषेच्या वाटणीचा. उर्दू मुसलमानांची, मराठी हिंदूंची, असं एकदा ठरल्यावर मराठीत लिहिलेल्या हातिमताईला उभं राहायला जागाच उरली नाही.

विज्ञानकथेतली हरवलेली पानं

विज्ञानकथेचीही काही पानं अशीच गळली. कोचीनहून कृष्णाजी नारायण आठल्ये 'केरळ कोकिळ' हे मराठी मासिक चालवत. त्यात १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी मराठीत क्रमशः येऊ लागली. श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली कथा मराठीतल्या सुरुवातीच्या विज्ञानकथांपैकी एक मानली जाते. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांपर्यंत नेला.

त्याच दिवसांत, १९०५ मध्ये, मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये बंगालच्या रुकैय्या सखावत हुसेन (१८८०–१९३२) यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा छापून आली. तिच्यातल्या देशात पुरुष पडद्यात आणि बायका राज्य चालवतात. तिथे दोन महिला विद्यापीठं आहेत. एक फुग्याला नळ्या लावून ढगातून थेट पाणी उतरवतं, दुसरं सूर्याची उष्णता साठवतं. स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर, प्रवास हवेतून. टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या सोसायट्यांना हे ढगाचं पाणी जास्तच आवडेल. लेखिकेने कल्पनेवर थांबून न राहता मुलींची शाळाही काढली. १९११ पासून ती कलकत्त्यात चालली. भारतीय विज्ञानकथेच्या इतिहासात ही कथा फार मोठी आहे, आणि आपल्या मुलींना तिचं नाव माहीत असायला हवं.

'कृष्णविवर' या पार्श्वभूमीवर आलं. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी ते 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवलं होतं. तिथून मराठी विज्ञानकथा जोमाने वाढली. २०२१ मध्ये नारळीकर नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

उपनगरांतला जादूचा पडदा

पुस्तकं मागे पडली तेव्हा ह्या कथा सिनेमाने सांभाळल्या, आणि त्याही आपल्या उपनगरांत. अंधेरीच्या प्रकाश पिक्चर्सचा 'ख्वाब की दुनिया' (१९३७) एच. जी. वेल्सच्या अदृश्य माणसाच्या कादंबरीवर बेतलेला होता. बाबूभाई मिस्त्रींनी काळ्या दोऱ्यांनी वस्तू हवेत नाचवल्या, आणि त्यांचं नावच 'काला धागा' पडलं. होमी वाडियांच्या चेंबूरच्या बसंत स्टुडिओने 'अलादीन और जादुई चिराग' (१९५२), 'अलीबाबा और ४० चोर' (१९५४) आणि जयराज-शकीला यांचा 'हातिमताई' (१९५६) दिला. आज साठी-सत्तरीत असलेल्यांच्या मनातला हातिम बहुधा या पडद्यावरचा आहे.

कुठे मिळेल, काय करता येईल

– राज्य मराठी विकास संस्थेच्या संकेतस्थळावर जुने दुर्मिळ मराठी ग्रंथ मोफत ठेवलेले आहेत. तिथून शोध सुरू करावा.
– मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९८) आणि सीएसएमटीजवळची अंजुमन-ए-इस्लामची करीमी लायब्ररी ही दोन ठिकाणं जुन्या मराठी आणि उर्दू पुस्तकांसाठी.
– उर्दू वाचता येत असेल तर होशरुबा आणि आराइश-ए-महफिल रेख्ताच्या संकेतस्थळावर पाहता येतात.
– भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक सर्वांसाठी खुलं होतं. चिपळूणकर पिता-पुत्रांचं काम केव्हाच खुलं झालं आहे. ते छापायला, वाचून रेकॉर्ड करायला, मुलांसाठी सोपं करून लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. गौरी देशपांडे यांच्यासारख्या अलीकडच्या भाषांतरांना मात्र हे लागू नाही.
– घरी सुरुवात करायची तर हातिमच्या सात सवालांपासून करा. रोज रात्री एक सवाल, आठवड्यात गोष्ट पूर्ण. इश्काचे प्रसंग वगळले तरी कथेला काही कमी पडत नाही.

आणि एक विनंती. घरात कुणाकडे जुनं, पानं पिवळी पडलेलं मराठी हातिमताई, गुलबकावली किंवा अरबी गोष्टींचा सुटा भाग असेल, तर घर बदलताना किंवा रमजानच्या आधीच्या साफसफाईत तो रद्दीत देऊ नका. पहिल्या आणि शेवटच्या पानाचा, छापखान्याच्या नावाचा आणि सालाचा मोबाइलवर फोटो काढा आणि पुस्तक जवळच्या वाचनालयाला दाखवा. अशा पुस्तकांच्या फार थोड्या प्रती उरतात, आणि त्यातली एखादी आपल्याच माळ्यावरच्या पेटीत असू शकते.